शेततळ्यातल्या रोहूला दर हिवाळ्यात लाल चट्टे, औषध देऊनही पुन्हा तेच: काय करायचं

लातूर, बीड, परभणी, नांदेड, कुठंही विचारा, शेततळ्यात मासे करणाऱ्याला हे माहीत असतं. पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, दिवाळीपर्यंत मासा झकास वाढला, आणि थंडी पडायला लागली की रोहू-मृगळच्या अंगावर लाल चट्टे, पराच्या बुडाशी रक्त साकळलेलं, काहींचं पोट पाण्यानं फुगलेलं, खवले उभे राहिलेले, डोळे बाहेर आलेले. एका दिवसात सगळे मरत नाहीत, रोज थोडे थोडे काठाला लागतात. मग दुकानातून औषध आणायचं, खाद्यात मिसळून द्यायचं, मरतूक थांबते, महिन्याभरात परत सुरू. पुढच्या साली परत तेच आणि मागच्या साली चाललेलं औषध औंदा चालत नाही, मग दुकानदार म्हणतो डोस वाढवा.

डोस वाढवून हा प्रश्न सुटणार नाही हे मला आधीच सांगायचंय. आपण सगळे जिवाणूच्या मागं लागलोय आणि मासा कुठून आला, त्याचे आईबाप कोण, त्याच्या अंगात जन्मतः लढायची ताकद किती, हे कोणी विचारतच नाही.

आधी रोग जिवाणूचाच आहे का ते बघा

पहाटे अचानक सगळ्या जातीचे मासे, त्यातही मोठे आधी, मेलेले दिसले आणि अंगावर खूण काहीच नाही, तर तो रोग नाही, रात्री पाण्यातला ऑक्सिजन संपलाय. तिथं औषध टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरं, मासा अंग घासतोय, उड्या मारतोय तर एक जिवंत मासा धरून उन्हात नीट बघा, पराजवळ चपट्या, गोल, जवळजवळ पारदर्शक उवा सरकताना दिसतात, त्याला आर्ग्युलस म्हणतात, आणि रोहूवर ह्या फार. उवेनं टोचलेल्या जागेतूनच जिवाणू आत शिरतो, म्हणून उवा तशाच ठेवून अँटिबायोटिक देत बसलात तर चट्टे येतच राहणार. खोल खड्ड्यासारखे व्रण असतील, मरळ माशालाही झाले असतील, तर तो बहुतेक १९८८ च्या सुमारास भारतात आलेला व्रणाचा रोग. त्याचं मूळ अ‍ॅफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवात आहे, जिवाणू मागून येतो. आणि कल्ल्यावर, पाठीवर फिकट कापसासारखा थर असेल तर कॉलम्नॅरिस, तो जिवाणूच पण वेगळा.

हे सगळं वगळून लाल चट्टे, फुगलेलं पोट, उभे खवले, रोज थोडी मरतूक एवढं उरलं तर बहुतेक वेळा एरोमोनास हायड्रोफिला. हा जिवाणू तळ्यात बाहेरून कोणी आणून टाकत नाही. तो धरणाच्या पाण्यात असतो, गाळात असतो, निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. प्लॅस्टिकचं तळं धुऊन, वाळवून, ब्लीचिंग मारून घेतलं तर संख्या कमी होते, ते करायलाच पाहिजे, पण पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर तो परत येतो. म्हणजे जिवाणू असणारच आहे हे धरूनच पुढचा विचार करायचा.

औषध दरवर्षी कमी का पडतं

चांगलं ऊबदार पाणी मिळालं तर हा जिवाणू तासाभराच्या आत एकाचे दोन होतो. रोहू अंडी द्यायला लायक व्हायला दोनएक वर्षं लागतात. आता औषध टाकल्यावर काय होतं बघा, बहुतेक जिवाणू मरतात, पण ज्या थोड्यांकडं औषध निकामी करणारा जीन असतो ते उरतात आणि तळ्यात तेच वाढतात. वरून तो जीन पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो, ते कडं एक जिवाणू दुसऱ्याला देतो, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देतो. कमी डोस, अर्धवट कोर्स, दोन दिवस देऊन बंद, ह्यानं नेमके तेच निवडले जातात.

आणि मुख्य गोष्ट इथं आहे. आपल्या तळ्यात दरवर्षी जे कमकुवत मासे मरतात त्यामुळं पुढच्या वर्षीचा मासा मजबूत होत नाही. जंगलात, नदीत तसं होतं, कमजोर मरतो, तगडा उरतो, त्याचीच पिल्लं होतात, शेकडो पिढ्यांत जात कणखर बनते. पण आपण उरलेला तगडा मासा बाजारात विकतो आणि पुढच्या जूनमध्ये हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) नवी बोटुकली आणतो, जिच्या आईबापांनी आपल्या तळ्यातला हा जिवाणू कधी बघितलेलाच नाही. जिवाणू मात्र तिथंच राहतो, पिढ्यान् पिढ्या. एका बाजूची निवड दर आठवड्याला चाललीय आणि दुसऱ्या बाजूची कधीच होत नाही, मग कोण जिंकणार.

माशाच्या अंगात नेमकं काय असतं

मासा अगदीच असहाय नाही. अंगावरचा बुळबुळीत थर आपण जाळ्यात खरवडून टाकतो ना, तीच पहिली भिंत. त्यात लायसोझाइम असतं जे जिवाणूची कवचभिंत फोडतं, आणि जिवाणूला भोकं पाडणारे छोटे पेप्टाइड असतात. आत गेलं की रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी, ती जिवाणूवर चिकटून त्याला भोक पाडते. माशांच्या पूर्वजात कधीकाळी सगळा जीनोमच दुप्पट झाला होता, सायप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) वंशात पुढं आणखी एकदा, त्यामुळं कॉम्प्लिमेंटमधल्या सी-३ सारख्या जीनच्या माशात एकापेक्षा जास्त प्रती सापडतात.

मग ओळखण्याचं काम. पेशीवर टीएलआर नावाचे रिसेप्टर असतात, त्यातला टीएलआर-५ हा जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीतलं प्रथिन ओळखतो, आणि माशात ह्याचा एक सुटा, रक्तात फिरणारा प्रकारही आहे जो माणसात नाही. ओळख पटली की धोक्याचा निरोप जातो आणि शंभर प्रकारचे जीन चालू होतात. त्यात लोहाचा एक खेळ मला फार महत्त्वाचा वाटतो. जिवाणूला वाढायला लोह लागतं, म्हणून मासा ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनानं रक्तातलं लोह बांधून ठेवतो आणि हेप्सिडिन नावाचा पदार्थ वाढवून आतड्यातून येणारं लोह रोखतो, म्हणजे जिवाणूला उपाशी ठेवतो. एरोमोनास बदल्यात एरोलायसिन नावाचं विष सोडतो, ते पेशींना भोकं पाडतं, रक्तपेशी फुटतात, आपल्याला दिसणारे लाल चट्टे त्याच्यातूनच.

आपल्यासारखी हाडातल्या मगजात रक्तपेशी बनवायची सोय माशाकडं नसते, लिम्फ नोडही नसतात. ते काम डोक्याजवळच्या किडनीत आणि प्लीहेत चालतं, म्हणून रोगी मासा फाडला की किडनी-प्लीहा सुजलेली दिसते आणि लॅबवाले सॅम्पल किडनीतूनच घेतात. अँटिबॉडीही बनते, पण हळू. मासा थंड रक्ताचा, पाणी थंड तर त्याची ही यंत्रणा सुस्त. डिसेंबरात आपल्याकडं रात्री पारा १० च्या आसपास येतो आणि दुपारी ऊन चांगलं तापतं, उथळ तळ्याचं पाणी रोज खालीवर होतं. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडे लागतात, जिवाणू तेवढा थांबत नाही. थंडीतच रोग का, ह्याचं उत्तर मोठ्या भागानं हे आहे.

आता प्रत्येक रोहूकडं हे सगळे जीन असतात, मग एक मरतो आणि शेजारचा वाचतो ते कसं? जीन तेच पण त्यातली अक्षरं थोडी थोडी वेगळी. कुणाचा रिसेप्टर जरा घट्ट चिकटतो, कुणाचा हेप्सिडिनचा जीन लवकर चालू होतो, कुणाचा उशिरा. एमएचसी नावाचे जीन तर जिवाणूचा तुकडा पेशीवर मांडून दाखवतात, त्यांचे जितके वेगवेगळे प्रकार एका कळपात तितके जास्त प्रकारचे शत्रू त्या कळपात कुणीतरी ओळखतं. अशा पुष्कळ छोट्या फरकांची बेरीज म्हणजे प्रतिकारशक्ती. सामन (सॅल्मन) माशाच्या आयपीएन ह्या विषाणूच्या रोगात एकाच जागेचा जीन बराचसा फरक पाडतो असं निघालं, पण ते नशीब विरळा, जिवाणूच्या रोगात सहसा अनेक जीनांचा थोडा थोडा वाटा असतो. त्यामुळं कोणी तुम्हाला "रोगप्रूफ बीज" म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका, असं काही नसतं, कमी मरणारं बीज असतं.

हे पिढीतून पिढीत जातं का

जातं, आणि हे सिद्ध झालंय. भुवनेश्वरच्या सीफा ह्या केंद्रीय संस्थेनं १९९२ पासून नॉर्वेच्या अक्वाफोर्स्क ह्या संस्थेबरोबर रोहूची निवड पैदास सुरू केली. मूळ मासे एका तळ्यातले घेतले नाहीत, गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा ह्या पाच नद्यांतले आणि स्वतःच्या फार्मवरचे मिसळले. त्यातून आलेला जयंती रोहू दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास वाढीत पुढं गेला. सुरुवात वाढीसाठीच होती, पण नंतर एरोमोनासचा प्रतिकार हाही निवडीचा विषय झाला आणि प्रतिकार करणाऱ्या आणि लवकर मरणाऱ्या अशा वेगळ्या लाइन (वंश) बनवून दोघांच्या जीनांची तुलना केली गेली.

ते कसं करतात हे समजून घ्या. ज्या माशाला जिवाणू टोचला तो वाचला तरी त्याला ब्रूडर (पैदाशीचा मासा) म्हणून फार्मवर परत घेणं धोक्याचं. म्हणून प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळी वाढवून खुणा करतात, त्यातल्या काही भावंडांना बंद टाकीत जिवाणूला सामोरं नेतात, कोणत्या घरातले जास्त वाचले ते मोजतात, आणि त्याच घरातल्या न टोचलेल्या निरोगी भावंडांना पुढच्या पिढीचे आईबाप करतात. अमेरिकेत लीटाउनच्या सरकारी केंद्रात ट्राउट माशाची थंड पाण्याच्या जिवाणू रोगाला टिकणारी लाइन ह्याच रस्त्यानं काढली.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. वाढीसाठी निवडलेला मासा आपोआप रोगाला टिकतोच असं नाही, ते वेगळं मोजावं लागतं. आणि एरोमोनासला टिकणारा मासा उवेला किंवा कॉलम्नॅरिसला टिकेलच असंही नाही. सुरुवातीला रोग ओळखा म्हटलं ते ह्यासाठीच.

बीज घेताना काय विचारायचं

रोहू-कटला साचलेल्या पाण्यात स्वतःहून अंडी घालत नाही. १० जुलै १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पियुषिकेच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) अर्काचं इंजेक्शन देऊन माशांना ती घालायला लावली, आज आपल्या गावात मत्स्यबीज मिळतं ते त्या दिवसामुळं, आणि म्हणूनच १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. पण ह्याच सोयीतून एक अडचण जन्मली. एका मादीला लाखांनी अंडी, म्हणजे हॅचरीला चार-दोन जोड्यांवर सगळी ऑर्डर पुरी करता येते. त्यांचीच पिल्लं पुढं ब्रूडर, बाहेरचं रक्त येत नाही, काही पिढ्यांत सगळे नात्यातले. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांवर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आतल्या आत होणारं प्रजनन झपाट्यानं वाढताना दिसलं होतं. नात्यातल्या माशांत एमएचसीचे प्रकार घटतात, दबून असलेले दोष वर येतात, आणि एक मरायला लागला की सगळे सारखेच मरतात.

म्हणून हॅचरीवाल्या दादांना शांतपणे विचारा: ब्रूडर किती, नर किती माद्या किती, शेवटचे नवे ब्रूडर कधी आणि कुठून आणले, सीफाचं जयंती किंवा अमृत कटला असेल तर ब्रूडर घेतल्याचा कागद आहे का, एकाच टाकीत रोहू-कटला मिसळून इंजेक्शन देता का. मिसळलं की संकर होतो आणि तेच पुढं ब्रूडर झाले की काही खरं नाही. उत्तर टाळलं तर समजून घ्या. चार पैसे स्वस्त म्हणून गाडीत आलेलं, कुठल्या हॅचरीचं तेही माहीत नसलेलं बीज मी तरी कोणाला घ्या म्हणणार नाही.

"वाचलेले तगडे मासे ठेवून त्यांचंच बीज करू का" असं विचारणारे पुष्कळ. भावना बरोबर आहे, पण एका तळ्यातले वाचलेले बहुतेक एकमेकांची भावंडं असतात, आणि त्यातले काही ताकदीनं नाही, नशिबानं वाचलेले असतात, जिवाणूची गाठच पडली नाही म्हणून. सायप्रिनस आणि तिलापिया तर तळ्यात स्वतःच पैदास करतात, गावच्या जुन्या पाझर तलावात वर्षानुवर्षं गुत्त्यानं मासेमारी चालते तिथं ते नात्यातच वाढलेले असतात. तिथं बाहेरचं चांगलं बीज टाकणं गरजेचं.

चांगले जीन असूनही ते बंद कधी पडतात

हे थोडक्यात, कारण बाकी ठिकाणी ह्यावर भरपूर सांगतात. ताण आला की माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं आणि तेच प्रतिकाराचे जीन दाबतं. सगळ्यात मोठा ताण म्हणजे गर्दी. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे ९०० चौरस मीटर, हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकलीच्या हिशोबानं त्यात ४५० ते ९०० मासे बसतात, आपल्याकडं त्यात तीन-चार हजार सोडलेले असतात आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाही.

चुना टाकायचा सल्ला बंगाल-कोकणच्या आंबट मातीवरून आलेला असतो. आपलं काळ्या रानातलं, बोअरचं पाणी बऱ्याचदा आधीच ८ पीएचच्या आसपास, तिथं न मोजता चुना टाकला तर पीएच अजून चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी रूपात जातो. आधी पीएच किट, मग चुना.

खाद्याचं एक सांगायलाच पाहिजे. माणसासारखीच रोहू-कटलासारख्या हाडांच्या माशांनीही व्हिटॅमिन सी स्वतः बनवायची क्षमता उत्क्रांतीत गमावलीय, त्यासाठी लागणारा शेवटचा जीनच शिल्लक नाही, म्हणजे ते खाद्यातूनच आलं पाहिजे. आणि ते उष्णतेनं उडतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंशात पडून राहिलेल्या पोत्यात कागदावर लिहिलेलं व्हिटॅमिन सी किती उरलं असेल? तसंच बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, त्यातलं अफ्लाटॉक्सिन रोहूची प्रतिकारशक्ती खाली आणतं. वास आला की टाकून द्या, जनावरालाही घालू नका.

स्वतःच्या तळ्यात बीज कसं पारखायचं

एका तळ्यात एका हॅचरीचं आणि दुसऱ्यात दुसऱ्याचं टाकून काही कळत नाही, कारण पाणीच वेगळं. दोन हॅचऱ्यांची बोटुकली एकाच तळ्यात, सारख्या मापाची, सारख्या संख्येनं सोडा. त्याआधी एका लॉटच्या पोटाखालच्या जोडीतला डावा पर आणि दुसऱ्या लॉटचा उजवा पर कात्रीनं मुळाजवळ कापा, दोघांचेही, म्हणजे जखम सारखी राहील. बोटुकली ४ इंचाच्या वरची पाहिजे, काम सकाळी थंडाव्यात, आणि सोडण्याआधी २-३ टक्के मिठाच्या पाण्यात मिनिटभर, मासा आडवा व्हायला लागला की लगेच बाहेर. हे पावसाळ्यातच करा, थंडीत जखमा करू नका.

मग हिवाळ्यात मरतूक लागली की मेलेला प्रत्येक मासा फेकायच्या आधी उलटा करून बघा, कोणता पर कापलेला, आणि वहीत लिहा, तारीख आणि डावा-उजवा एवढंच. शेवटी विक्रीच्या वेळीही मोजा, कोणत्या लॉटचे किती निघाले. दोन्हीकडं जवळपास सारखेच मेले तर दोष तळ्याचा समजा, गर्दी, पीएच, खाद्य तपासा. एकाच बाजूचे जास्त मेले आणि पुढच्या सालीही तसंच झालं तर ती हॅचरी सोडा. एकाच सालावरून निर्णय नको, एखादा लॉट प्रवासातच खचलेला असू शकतो. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून हेच केलं तर दोन वर्षांत आपल्या भागात कोणाचं बीज टिकतं ते कागदावर येईल, आणि हॅचरीवाल्यांशी बोलायला तोच कागद उपयोगी पडेल.

रोग लागलाच तर औषधाआधी तपासणी. आपल्याकडं उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथं आधी फोन करून विचारा. मेलेला मासा नेऊ नका, काही तासांत पोटातले जिवाणू सगळ्या अंगात पसरतात आणि रिपोर्टला अर्थ राहत नाही. चट्टे आलेले पण जिवंत चार-पाच मासे आणि एक निरोगी दिसणारा, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, नाहीतर ताजे मारून बर्फात, त्याच दिवशी पोचतील असे. कोणतं औषध ह्या जिवाणूवर चालतं त्याची चाचणी मागा, आधी कोणतं औषध किती दिवस दिलं ते लिहून द्या. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ह्यांवर बंदी आहे, कोणी बिनलेबलची पुडी दिली तर घेऊ नका. औषध दिलंच तर पूर्ण कोर्स द्या, आणि विक्रीच्या आधी सांगितलेले दिवस थांबा, व्यापारी दारात उभा असला तरी.